चायना ग्रासची कोरी प्लेट

"शेठ, सही नंतर करा," मी म्हटलं. "आधी मला नमुने घेऊ द्या."

माथेरानच्या त्या हॉटेलात आदल्या दुपारी मँगो पुडिंग दिलं होतं आणि संध्याकाळपासून पाहुण्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. त्यातलेच एक मुंबईचे वकील. त्यांनी पोटावर उशी धरून मजकूर लिहून काढला होता: आचारी बाळाराम याने पुडिंगात अपायकारक पदार्थ घातला. हॉटेलचे मालक असलेल्या शेठनी सही केली असती, तर पोशीरच्या या माणसाला डोंगरावर पुन्हा कोणी चुलीजवळ उभं केलं नसतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतला भिसेगावात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब होती. माथेरानच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं होतं.

सगळ्यांचा संशय चायना ग्रासवर. जिलेटीन हाडांचं असतं म्हणून शाकाहारी पाहुणे नको म्हणत. बाळारामनं मग पुडिंग गोठवायला नेरळच्या वाण्याकडून हे पांढरं, दोऱ्यासारखं चायना ग्रास आणलं.

"समुद्रातलं शेवाळ आहे ते," शेठ कुजबुजले. "माणसानं खायचं का?"

बाळाराम दाराशी उभा होता. "मॅडम, मी पाव्हण्यांना इख घालीन का?"

वकिलांची आई मात्र टुणटुणीत होती. तिनंही पुडिंग खाल्लं होतं, पण दात शिवशिवतात म्हणून वरचा बर्फ काढून. मी बाळारामला बर्फाचं विचारलं.

"गोठायला बर्फ नाय लागत, मॅडम. पर पाव्हण्यांना गार पायजे, म्हणून वरनं चुरून टाकला."

मागच्या अंगणात गेले. बर्फ नेरळहून घोड्यावरून यायचा, गोणपाटात गुंडाळून. लादी उतरली की घोडेवाला तेच ओलं गोणपाट घामेजलेल्या घोड्याच्या पाठीवर टाकायचा. घोडा बसला, लोळला, की खालची लीद त्यालाच. दुसऱ्या दिवशी त्याच गोणपाटात पुन्हा बर्फ. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी उकळलेल्या बाटलीत बर्फाचं पाणी भरलं, बर्फ न घातलेल्या ट्रेमधलं पुडिंग घेतलं आणि उरलेला चायना ग्रासचा पुडाही उचलला.

लॅबमध्ये आले तर अगर संपलेलं. जंतू वाढवायला आम्ही मटणाचं पाणी काचेच्या बशीत गोठवतो. तिला कल्चर प्लेट म्हणतात. गोठवायला लागतं ते अगर. मुंबईचं पार्सल आलं नव्हतं, आणि नमुने थांबणारे नव्हते. मी हातातल्या पुड्याकडे पाहिलं आणि स्वतःवरच चिडले. अगर म्हणजेच तर चायना ग्रास!

आरोपीलाच पंच केलं. बाळारामच्या पुड्यातलंच चायना ग्रास मटणाच्या पाण्यात घालून कुकरमध्ये उकळलं आणि तीन प्लेटी ओतल्या. एकीवर पुडिंग, एकीवर बर्फाचं पाणी, आणि चायना ग्रासमधूनच काही उगवतं का ते बघायला एक कोरी ठेवली. पुड्यात उरलेल्या चायना ग्रासचं घरी दुधात पुडिंग केलं. मी आणि यांनी ते मिटक्या मारत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी झाकणं उघडली. कोरी प्लेट धुरकट होती, पण स्वच्छ. पुडिंगच्या प्लेटीवर तुरळक ठिपके. बर्फाची प्लेट मात्र गच्च भरलेली, आणि वासही तबेल्याची आठवण करून देणारा. मायक्रोस्कोपखाली दिसले ते आतड्यातल्या जंतूंसारखे. मी खुर्चीत बसले आणि मोठ्यानं हुश्श केलं.

प्लेटी घेऊन पुन्हा वर गेले. वकील आता बरे होते, पण हट्टी.

"जंतू नसतील. पण त्या शेवाळातच विष असेल तर?"

"मग काल रात्री त्याचंच पुडिंग खाऊन आम्ही दोघं गेलो असतो," मी म्हटलं. "आणि तुमच्या आईंनी तर वाटी चाटून पुसून खाल्ली होती."

आई म्हणाली, "मी याला तेच सांगतेय, पण माझं ऐकतो कोण?"

वकिलांनी कागद फाडला. शेठनी बर्फासाठी वेगळी ताडपत्री आणि झाकणाची पेटी घेतली. बाळाराम मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना म्हणाला, "मॅडम, आज घरी जाऊन जेवीन."

त्यानंतर अगर संपलं की मी पार्सलची वाट बघत बसले नाही, नेरळच्या वाण्याकडून पुडा आणला. आणि हॉटेलात काहीही मागवलं तरी आधी सांगते, बर्फ नको.