भैरोबाच्या शेंदराचा तुकडा

तळहाताएवढा शेंदराचा तुकडा माझ्या हातात आला, तेव्हा तात्या अजून ओढ्यापलीकडे दम खात बसले होते. मी बांबूची पातळ पट्टी फक्त कडेला सरकवली होती. देवाच्या पायाशी कोरलेली ओळ शेंदराखाली आत कुठवर जाते, एवढंच पाहायचं होतं. खट्कन आवाज झाला आणि तुकडा सुटला. शेंदराला हात लावणार नाही, असा शब्द मी तात्यांना सकाळीच पाटणच्या एसटी स्टँडवर दिला होता.

माझं काम शिलालेखांचे ठसे घेण्याचं. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. कोरलेलं पांढरं राहतं, बाकी काळं होतं. ठसे घेते म्हटलं की लोक मला पोलिसांतली समजतात. समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय.

हे भैरोबाचं देऊळ पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या जंगलात. अभयारण्य झालं तेव्हा गाव उठलं आणि सांगली जिल्ह्यात एका माळावर जाऊन वसलं. देऊळ मागे राहिलं. छप्पर बसलं, भिंतीत उंबर शिरला. दर चैत्रात एक दिवस गावकरी वनखात्याच्या परवानगीने यायचे, भैरोबाला तेल-शेंदूर लावायचे, नैवेद्य दाखवून उन्हं कलायच्या आत परत जायचे. मग कुणा ट्रेकर मंडळींनी फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'सह्याद्रीतलं माया संस्कृतीचं शहर'. चार खांब आणि एक चौथरा, त्याचं शहर झालं. लोक चोरून येऊ लागले, जंगलात चुली पेटवू लागले. शेवटी वनखात्याने सरसकट सगळ्यांनाच बंदी केली. त्यात तात्यांचं गावही सापडलं.

गावाने अर्ज केला. वरून विचारणा झाली, देऊळ तुमच्याच गावाचं आणि पूजा अखंड चालू, याला पुरावा काय? जुन्या दप्तरात देवळाची नोंद नव्हती. देवाच्या पायाशी काही अक्षरं आहेत एवढंच सगळ्यांना माहीत. त्यात गावाचं नाव निघालं तर चैत्रातला तो एक दिवस परत मिळणार होता. म्हणून आमच्या पुरातत्त्व खात्याने मला पाठवलं. वाट नीट ठाऊक असलेले तात्या एकटेच, वय ऐंशीच्या आसपास. बरोबर वनरक्षक संपत.

"कवच तेवढं काडायचं न्हाई, बाई," तात्या स्टँडवर म्हणाले होते. "ते देव सोताच टाकतो. मानसानं हात लावायचा न्हाई."

शेंदूर वर्षानुवर्षं चढत गेला की देवाभोवती जाड कवच तयार होतं. कधीतरी ते आपोआप निखळतं. मग देवाने गावाला बोलावलं असं मानतात आणि ते कवच वाजतगाजत नदीत सोडतात. मला हे सगळं माहीत होतं. तरी अक्षर अर्धं दिसलं की माझे हात शिवशिवतात. म्हातारा मागे, देऊळ समोर. मी पट्टी काढली.

संपतने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्याडम, गप बसा. देवानं टाकलं म्हनायचं. म्हातारा खूश हुईल, आन् तुमचंबी काम हुईल."

तेवढ्यात तात्या आले. चौथऱ्याखाली चपला काढल्या, वर पाहिलं आणि पायरीवरच थांबले.

"कवच टाकलं देवानं," ते हळू आवाजात म्हणाले. डोळे भरून आले होते. "माझ्या उभ्या जन्मात पयल्यांदा बगतोय. आता गावाला कोन अडवतंय?"

खरं सांगायचं तर मला गप्पच बसायचं होतं. त्यात सगळ्यांचीच सोय होती. पण तात्यांनी गुडघे टेकले आणि माझ्या पट्टीच्या ओरखड्यासमोर हात जोडले. ते मला बघवेना.

"तात्या, देवानं नाही टाकलं. मी पाडलं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. संपत उगाच बाटलीतलं पाणी पीत राहिला.

"शबुद दिला हुता तुमी."

"हो."

"मग वाचा आता. पाडलंय तर वाया घालवू नगा."

मी ठसा घेतला. दोन कागद फाटले. तिसऱ्यावर कुणाचं तरी अर्धं नाव आलं आणि 'करविले' एवढा शब्द. गावाचं नाव नव्हतं. असलंच तर ते उरलेल्या शेंदराखाली होतं, आणि तिकडे मी पुन्हा पाहिलंही नाही.

तुकडा रुमालात गुंडाळून तात्यांना द्यायला घेतला, तेव्हा त्याची तुटलेली कड दिसली. तळाचा शेंदूर एकसंध, घट्ट. गाव तिथं नांदत होतं तेव्हाचा, बारमाही हात फिरत होता तेव्हाचा. त्याच्यावर मात्र एकेक पातळ थर, आणि दर दोन थरांमध्ये शेवाळाची काळी रेघ. वर्षातून एकदा शेंदूर, मग अख्खा पावसाळा एकट्याने. मी रेघा मोजल्या. गाव उठून जितकी वर्षं झाली त्याला जवळजवळ जुळत होत्या. एक रेघ फारच जाड होती.

"ही कशी काय, तात्या?"

त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला. "साथीत दोन वर्सं सोडलं न्हाई आमाला. तवाची आसंल."

पूजा अखंड चालू असल्याचा पुरावा तोच होता, म्हणून तुकडा मी काही दिवसांसाठी त्यांच्याकडून मागून घेतला.

ऑफिसात साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला.

"तुकडा आपोआप निखळला असं लिहा ना. तोडला लिहिलंत तर मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

"सर, आपोआप पडलेला तुकडा कुठल्याही देवळातला असू शकतो."

आमच्या धंद्यात वस्तू कुठून, कुणी, कशी काढली हे लिहिलेलं नसेल, तर ती वस्तू म्हणजे नुसता खडा. साहेबांनाच हे जास्त माहीत. त्यांनी चष्मा परत घातला आणि "जोडा कागद" म्हणाले. मी जोडला: 'सदर तुकडा मूर्तीच्या डाव्या पायाजवळून मी स्वतः, परवानगी नसताना काढला.' सोबत जागेचे फोटो, थरांचे फोटो, सही.

परवानगी आली. चैत्रात एक दिवस, मोजकी माणसं. अक्षरांवर नव्हे, त्या थरांवर आली. त्याच आठवड्यात मला मेमोही आला.

तात्यांचा फोन आला. तुकडा त्यांना परत मिळाला होता. ते म्हणाले, कोयनेत गुपचूप सोडू, वाजवत न्हाई. देवाने टाकलेला नव्हता ना.

"मी येऊ का यात्रेला?" मी विचारलं.

"तुमच्यामुळं दीस मिळाला, बाई. राग न्हाई माझा. पर तुमी येऊ नगा."

मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. खरं लिहून दिलं की नोंद पुरी होते, हे मी नव्या लोकांना शिकवते. माफी त्या नोंदीत धरलेली नसते, हेही आता सांगते.