रॉड पाटावर, जीप डोंगरावर

इथले भुताखेताचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण घाबरण्यासाठी नाही, चुका काढण्यासाठी. कुणाला पांढरी साडी दिसली की मी म्हणते धुकं असणार, दार आपोआप उघडलं की म्हणते बिजागरी सैल असणार. माझ्याबरोबर भुताचा सिनेमा बघणं ही शिक्षा आहे असं नवरा म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. त्यामुळे मागच्या दसऱ्याला जे झालं ते लिहायला मी इतके दिवस टाळाटाळ केली... आता लिहिते. यात कुणाला चूक सापडली तर जरूर सांगा, मी उपकारच मानेन.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वाकडला राहते आणि चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. गाड्यांचे स्टिअरिंगचे आणि सस्पेन्शनचे पार्ट आमच्याकडे येतात, ते आम्ही मशीनवर हलवून, वाकवून, ओढून तोडतो. पार्ट तुटला की तो का तुटला याचं कारण शोधायचं. थोडक्यात, मोडतोड करण्याचा मला पगार मिळतो.

माझं माहेर महाळुंगे एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आहे. वडील – आम्ही अण्णा म्हणतो – एका कंपनीच्या प्रेस शॉपमधून रिटायर झाले. धाकटा भाऊ सुनील शिफ्टमध्ये काम करतो. माहेरच्या अंगणात माझी जुनी फोर-बाय-फोर जीप उभी असते, कारण वाकडच्या सोसायटीत गाडीखाली झोपलेली बाई दिसली की सिक्युरिटीवाले ॲम्ब्युलन्स बोलावतील.

ऑफरोडिंगचे शौकीन मोठे टायर घेतात, अडकलेली गाडी ओढायला विंच लावतात, टपावर दिव्यांची माळ लावतात. पण जीपच्या पुढच्या चाकांमध्ये एक रॉड असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्याला ड्रॅग लिंक म्हणतात. साधा लोखंडी रॉड, दोन्ही टोकांना बॉल जॉईंट. तुम्ही स्टिअरिंग फिरवता ते चाकांपर्यंत पोचवणारा तो एकटाच. सस्पेन्शन बदलून जीप उंच केली की हा रॉड जास्त तिरका होतो, जॉईंटवर आडवा ताण येतो, ते लवकर झिजतात. वर एखादा दगड नेमका तिथेच लागतो. आणि हा रॉड निखळला तर हातातलं स्टिअरिंग फक्त गोल फिरतं, गाडीला त्याचा पत्ताच नसतो.

माझ्या जीपचे जॉईंट असेच खिळखिळे झाले होते. नवरात्रातल्या रविवारी मी अंगणात बसून तो रॉड काढला, दोन्ही टोकांना नवे जॉईंट चढवले, काळा रंग दिला आणि ओट्यावर वाळत ठेवला. रॉड ज्यात बसतो त्या जीपखालच्या आर्मचं भोक उघडं पडलं होतं, त्यात धूळ जाऊ नये म्हणून जुन्या ओढणीची निळी चिंधी कोंबली. तेवढ्यात अंधारून आलं. मला सकाळी कंपनी होती. "अण्णा, रॉड वाळू दे, दसऱ्याला येऊन बसवते," असं सांगून मी निघाले. अण्णा टीव्हीवर बातम्या बघत होते. हूं म्हणाले. सुनील सेकंड शिफ्टला गेला होता. माझी मुलगी रेवा सुटीची म्हणून आजी-आजोबांकडेच राहिली.

आमच्या घरात खंडेनवमीचे दोन नियम आहेत. हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, आणि दसऱ्याची आरती झाल्याशिवाय उचलायची नाहीत. दुसरा नियम जास्त कडक – अर्धवट काम ठेवून हत्यार पूजेला मांडायचं नाही. काम पुरं झालं, मगच हत्याराला विश्रांती. त्यामुळे पाटावर पाने-पकडी मांडलेल्या दिसल्या की आमच्याकडे लहान मूलही समजतं, सगळी कामं झालेली आहेत. सुनीलही तेच समजला, आणि यात मी त्याला दोष देत नाही.

दसऱ्याला मी जेवणाच्या आधी पोचले. अण्णा ओट्यावर बसले होते. अंगण रिकामं.

"सुनील कुठंय?" मी विचारलं.

"डोंगरावर गेलाय. आपट्याची पानं आणतो म्हनला. रेवाला नेलीया, सूनबाईबी हाय."

"कशावर गेलाय?"

"जीपवर की. हार घातला, नारळ फोडला, मग गाडी फिरवाया नगं व्हय?"

मला वाटलं अण्णा चुकून बोलतायत. मी आत गेले. पाटावर पाने, हातोडी, अण्णांचा जुना मायक्रोमीटर, आईची विळी, सगळ्यांवर झेंडूची फुलं. आणि कडेला माझा रॉड. दोन्ही टोकांचे नवे जॉईंट, मी स्वतः चढवलेली रबराची टोपणं, आणि मधोमध हळदीकुंकवाची बोटं.

"अण्णा, हा इथं कसा?"

"लोखंडच हाय न्हवं? वट्यावर पडलं हुतं. म्हनलं त्याचीबी पूजा हुईल."

मी अंगणात आले. रात्री शिंतोडे पडले होते, त्यामुळे चाकांच्या खुणा ओल्या मातीत स्वच्छ उमटल्या होत्या. जीप मागे घेतलेली, मग पुढे, मग गेटबाहेर पडताच उजवीकडे काटकोनात वळलेली. तिथे समोरच पाण्याची टाकी आहे. टाकीला ओरखडासुद्धा नव्हता. मी वाकून त्या खुणा पुन्हा बघितल्या. रॉडशिवाय जीप अशी वळूच शकत नव्हती.

सुनीलचा फोन लागेना. डोंगरावर रेंज नसते. आमच्या त्या रस्त्याला एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला उतार आहे, वर देवीच्या ठाण्यापर्यंत नागमोडी वळणं. मी सुनीलची मोटरसायकल काढली. रॉड कशाचा ते मी सांगितल्यावर अण्णांना सगळं कळलं. ते मागे बसले, रॉड मांडीवर आडवा, पान्यांची पिशवी खांद्याला. आई दारात उभी होती. तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही.

गाडी चालवताना मी रस्त्याकडे कमी आणि खालच्या उताराकडे जास्त बघत होते. पोरगी माझी होती हो त्या जीपमध्ये. माझी एवढीच इच्छा होती, की जीप पायथ्यालाच कुठल्या तरी बांधाला धडकून बंद पडलेली असावी आणि सुनील मला शिव्या घालत उभा असावा. पायथा आला. जीप नव्हती. पहिलं वळण आलं, तिथेही नव्हती.

दुसऱ्या वळणाआधी थोडी सपाटी आहे, तिथे अण्णांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "त्ये बघ."

जीप वरून येत होती. हळूहळू, लो गिअरमध्ये, बॉनेटवर झेंडूचा हार. एक वळण डावीकडे घेतलं. मग पुढचं उजवीकडे. मधे रस्त्यात एक मोठा दगड आहे, तो चुकवायला सगळे जरा बाहेरून काढतात. जीपनेही बाहेरून काढला. मला पुढची चाकं स्पष्ट दिसत होती. ती वळत होती.

"हात कर त्याला. थांबीव," अण्णा म्हणाले.

"नको. सपाटीला येऊ दे."

का म्हणाले माहीत नाही. जे काही चाललं होतं त्यात आपण बोलू नये असं वाटलं. मी मोटरसायकल कडेला लावली. शेवटचं वळण घेऊन जीप आमच्यासमोर येऊन थांबली. मागून रेवा हात हलवत होती.

"काय गं ताई, एवढी घाई? येतच होतो की," सुनील हसत म्हणाला.

"इंजिन बंद कर. हँडब्रेक लाव. आता स्टिअरिंग फिरव."

त्याने फिरवलं. चाकं हलली नाहीत. तो पार एका टोकापर्यंत फिरवत गेला, मग दुसऱ्या टोकापर्यंत. चाकं सरळ. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या हातातल्या रॉडकडे. तोही कंपनीतलाच माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

"ताई, आत्ता वळत होती राव," तो म्हणाला. "हलकं लागत होतं. मला वाटलं, पाटावरचा रॉड जुना असेल, तू नवा बसवून ग्रीस भरलंस."

मी चाकांना दगड लावून खाली शिरले. रॉडच्या जागी काही नव्हतं. दोरी नाही, तार नाही, दुसरा रॉड नाही. आर्म मोकळा लोंबत होता आणि त्याच्या भोकात माझ्या ओढणीची निळी चिंधी जशीच्या तशी होती. मी ती बोटाने ओढून काढली. तेवढ्यात रेवाने बाजूने डोकं खाली घातलं आणि हात पुढे केला. हातात आपट्याची पानं.

"आई, सोनं घे. आजोबांना दिलं, आता तुला."

मी ते तिथेच पडल्या पडल्या घेतलं, आणि जीपखाली असल्यामुळे मला मनसोक्त रडता आलं.

रॉड तिथेच बसवला. अण्णा एकेक पाना हातात देत होते, माझ्या हातांना कुंकू लागत होतं. सुनील परत ड्रायव्हिंग सीटवर बसायला तयार नव्हता, म्हणून खाली मीच आणली; तो अण्णांना घेऊन मोटरसायकलवरून आला. वाटेत रेवा देवीजवळच्या माकडांबद्दल सांगत होती. स्वाती, म्हणजे माझी भावजय, तिचा हात घट्ट धरून बसली होती.

मी कारण शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मोकळी चाकं रस्त्यातल्या चाकोरीत आपोआप धरली जातात, हे नवऱ्याचं म्हणणं. सपाट शेतरस्त्यावर थोडा वेळ तसं होईलही. पण अंगणातून मागे घेऊन गेटबाहेर काटकोनात? वर कातळावर चाकोरीच नाही, तिथे? आणि तो दगड चुकवला तो कुणी? लॅबमधल्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू रॉड आधीच बसवला असशील, विसरली असशील. मग पाटावर काय होतं, आणि चिंधी कुठून आली, यावर तो चहा आणायला गेला.

अण्णांना मात्र कारण नको आहे. मी पुन्हा पुन्हा तेच उगाळत बसले तेव्हा ते वैतागले. "पोरं माघारी आली न्हवं? मग कशापायी त्येला पान्यानं खोलाया बघतीस?" हे देवीने केलं असं त्यांना वाटतं की रॉडच्या पूजेने, मी विचारलं नाही. मला ते पटणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही.

माझा अजूनही देवाधर्मावर फारसा विश्वास नाही. तुटलेल्या पार्टचं कारण मी शोधू शकते. नसलेल्या पार्टने काम कसं केलं, हे शोधायचं मशीन माझ्याकडे नाही.

जीप अजून आहे, आणि महिन्यातून एखादा रविवार मी ती डोंगरावर नेते. निघण्याआधी खाली शिरून दोन्ही जॉईंट हाताने हलवून बघते, पिना बघते. सगळं जागेवर असतं. मग वळण येतं, मी स्टिअरिंग फिरवते, चाकं वळतात... आणि ती माझ्यामुळेच वळली, असं आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही.