जर्मनच्या चुकांवर वाजणारा अडकित्ता

तुमच्या या सदरातले सगळ्यांचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर आजवर हसण्यावारीच नेले. मी भुताखेतांना मानणाऱ्यातली नाही. आमच्या आळीत तिठ्यावर कुणी उतारा ठेवला तर बायका पदर सावरून लांबून जातात... मी त्यातला नारळ घरी आणून त्याची चटणी केलेली आहे. सगळ्यांनी खाल्ली, कुणाला काही झालं नाही. तेव्हा आता जे लिहितेय ते अशा बाईनं लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

मी नवी मुंबईत, बोनकोड्यात राहते. कोपरखैरण्याचे सेक्टर आले नव्हते तेव्हापासूनचं आमचं घर, आता तिथे चार मजली बिल्डिंग. मी तळमजल्यावर, मुलगा निलेश पहिल्या मजल्यावर, वर भाडेकरू. वय त्रेसष्ट. शाळा नववीत सुटली, कारण लग्न झालं. पुढचं सगळं माझं मी शिकले. मुलाच्या पुस्तकांतून इंग्रजी, मग बाहेरून दहावी, बारावी. बी.ए. झाले तेव्हा निलेशला मिसरूड फुटलं होतं.

आता जर्मन कुठून आलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला काय सुचलं. वरच्या मजल्यावर अश्विनी नावाची नर्स भाड्याने राहायची, साताऱ्याची. तिला जर्मनीत नोकरीला जायचं होतं आणि त्याआधी भाषेची परीक्षा. ती शब्दांची कार्डं करायची आणि मी ती हातात धरून तिला विचारायचे. विचारता विचारता मलाच पाठ झाली. ती गेली जर्मनीला, कार्डं राहिली माझ्याकडे. मी युनिव्हर्सिटीत पार्ट-टाइम सर्टिफिकेटला नाव घातलं. पहिलं वर्ष सोपं असतं, माझं नाव हे, मला चहा आवडतो, स्टेशन कुठे आहे. खरी गंमत दुसऱ्या वर्षी, डिप्लोमाला. तिथे तुम्हाला मत विचारतात. पर्यावरणावर बोला, शहरावर बोला, आणि नुसतं बोलू नका, पाच मिनिटं सलग बोला.

लेखीला मी वर्गात दुसरी. ओरलला नापास. कारण मी आयुष्यभर पुस्तकातून शिकले, माझं सगळं डोळ्यांत, जिभेवर काहीच नाही. परीक्षक बाईंनी प्रश्न विचारला आणि मी पाण्याचा ग्लास संपवला, बस.

ओरल परत द्यायची एकच संधी होती. त्यात गेलं की डिप्लोमा गेला, वर्ष पुन्हा पहिल्यापासून. निलेश म्हणाला, ‘‘आई, सोड ना आता. कुणाला दाखवायचंय?’’

मी म्हटलं, ‘‘कुणालाच नाही. नववीत मला कुणी तरी उठवलं होतं वर्गातून. आता मी आपली आपण उठणार नाही.’’

 

आमच्या मुग्धा मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी मला कामाला लावलं. रोज पाच मिनिटं जर्मनमध्ये बोलायचं, रेकॉर्ड करायचं आणि त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचं. माझी वेळ दुपारी अडीचची. तेव्हा पाणी येऊन गेलेलं असतं, सून ऑफिसात, बिल्डिंग शांत. माझा हात कापतो म्हणून मोबाइल धरून बोलता येईना. माळ्यावरून सासूबाईंचा जुना पाट काढला, डायनिंग टेबलावर ठेवला, त्यावर पोह्यांचा डबा आणि डब्याला टेकवून मोबाइल. झाला माझा स्टुडिओ.

चार-पाच दिवसांनी मॅडमचा फोन.

‘‘काकू, छान चाललंय. फक्त ते टकटक नका करू बोलताना. परीक्षेत सवय लागली तर बरं दिसणार नाही.’’

‘‘कसली टकटक?’’

‘‘तुम्ही काहीतरी आपटता ना टेबलावर... चमचा वगैरे?’’

मी काहीच आपटत नव्हते. कानाला लावून रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच होतं. लाकडावर लोखंड टेकवल्यासारखा आवाज, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्. बोलताना मला यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. घड्याळाचा सेल काढला. तरी टक्. निलेशला रविवारी समोर बसवलं, माझे दोन्ही हात मांडीवर. पाच मिनिटं बोलले. त्यालाही काही ऐकू आलं नाही. मग प्लेबॅक केलं तर सहा वेळा टक्. त्याने मोबाइल उलटासुलटा करून पाहिला.

‘‘माइक गेलाय. माझ्यावर कर.’’

त्याच्या मोबाइलवर केलं. आठ वेळा.

‘‘दोन्ही फोनचे माइक गेले का रे?’’ मी विचारलं. तो वर गेला, आणि दोन दिवस सुनेला पाठवून माझी चौकशी करत होता.

मग मुग्धा मॅडमचा मोठा मेसेज आला. तो मी अजून जपून ठेवलाय. त्यांनी माझी आठवडाभराची रेकॉर्डिंग्ज वही घेऊन ऐकली होती, चुका काढायला. त्यांनी लिहिलं होतं की काकू, हा आवाज नेमका तुमच्या चुकांवर येतो. जिथे चूक तिथे टक्, बरोबर बोललात की काही नाही. आणि खाली एक ओळ होती, ती वाचून मी खुर्ची ओढून बसले. ‘‘दोन ठिकाणी आवाज होता पण मला चूक दिसली नव्हती. परत ऐकलं, पुस्तक काढून बघितलं. चूक होती, काकू. माझ्याकडूनच सुटली होती.’’

तेव्हा मला समजलं मी काय ऐकतेय ते.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या आगरी समाजात लग्न लावताना बायका धवले गातात. हळदीपासून ते वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि ती सगळी ज्या बाईला येतात ती धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. माझ्या सासूबाई आमच्या पंचक्रोशीतल्या मानाच्या धवलारीण. सही करता येत नव्हती, अंगठा. पण रात्रभर गायल्या तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही.

त्यांची शिकवायची एक रीत होती. शिकणारणीने पाटावर एक सुपारी ठेवायची. त्यांनी ती उचलली की शिकवणं सुरू. त्या ओळ सांगायच्या, शिकणारणीने म्हणायची. चुकलं की हातातला अडकित्ता पाटाच्या कडेवर टेकवायच्या... टक्. कुठे चुकलं ते सांगायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, ‘‘चूक तुजी हाय, तर सोद बी तूच.’’

लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही सुपारी ठेवली होती. सासू एवढी मानाची, सुनेने शिकायला हवं, सगळ्यांचं म्हणणं. तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी मी म्हटलं, ‘‘आई, मला हे नको. मला पुस्तकातलं शिकायचंय.’’ आज लिहिताना लाज वाटते, पण मला तेव्हा ते अडाण्याचं काम वाटायचं. नववीपर्यंत शिकलेली ना मी.

त्या रागावल्या नाहीत. सुपारी कमरेच्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, ‘‘सुपारी घेतली हाय मी तुजी. शिकवल्याबिगर सुटनार नाय.’’ परत विषय काढला नाही. मीही नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांचे धवले कुणीच पुरते घेतलेले नव्हते.

हे सगळं निलेशला सांगितलं तर तो डोकं धरून म्हणाला, ‘‘म्हणजे आजीने तुझी सुपारी घेतलीय.’’ आणि आम्ही दोघं हसलो, खूप दिवसांनी. मग तोच हळूच म्हणाला, ‘‘पण आई, आजीला जर्मन कुठे येत होतं?’’

तेच ना. मराठी वाचता येत नव्हतं त्या बाईला.

अडकित्ता तर आमच्या घरात नव्हताच. त्या गेल्यावर माझ्या नणंदेने, बेबीवन्संनी, आठवण म्हणून आपल्या घरी, करंजाड्याला नेला होता. मी फोन केला.

‘‘हाय की शोकेसमदी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गंजून आखडलाय. उघडत बी नाय. का गो वयनी?’’

‘‘सहज,’’ म्हटलं.

मी मग माझ्या पद्धतीने तपासलं. मुद्दाम चुकीचं जर्मन बोलले, तर आवाज नाही. मराठी बोलले, आवाज नाही. कामोठ्याला बहिणीकडे जाऊन रेकॉर्ड केलं, आवाज नाही. पाट काढून नुसत्या टेबलावर केलं, तरीही नाही. पाटावर, प्रामाणिकपणे, मन लावून बोलताना झालेली चूक... तिथेच फक्त टक्.

बहीण म्हणाली पाट खाडीत सोड. शेजारीण म्हणाली कुणाला तरी दाखव. मी म्हटलं, अगं, अशी मास्तरीण फुकट मिळत असताना मी पाट खाडीत सोडू? परीक्षेला सात आठवडे होते. मी ठरवलं, हे काय आहे ते मागाहून बघू. आधी पास व्हायचं.

रोज अडीच वाजता बसायचे. पाच मिनिटं बोलायचं, मग ऐकायचं, टक् आला की थांबून चूक शोधायची. कधी अर्धा अर्धा तास सापडायची नाही. मॅडमना विचारायचं नाही असं मी स्वतःला घालून घेतलं होतं. सोद बी तूच. सापडली की तेच वाक्य परत, तोंडाला सवय होईपर्यंत. गुडघे दुखत होते, घसा बसत होता, गौरी आल्या आणि गेल्या तरी मी एक दुपार चुकवली नाही. आठवरून सहा, सहावरून चार. शेवटच्या आठवड्यात एक. तो एक काही जाईना.

परीक्षेच्या दिवशी निलेशने गाडीने सोडलं. खोलीत टेबल, दोन परीक्षक. एक मागच्या वेळच्याच चष्म्याच्या बाई, एक नवीन, तरुण. चिठ्ठी उचलली. विषय निघाला, तुमच्या गावात तुमच्या डोळ्यांदेखत काय बदललं.

मी बोलायला लागले. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत पाय घातला की जिताडा मासा मिळायचा. मग जमिनी गेल्या, सेक्टर आले, आम्ही शेतकरी होतो ते घरमालक झालो. पाणी मागितलं नाही. बोलता बोलता धवल्यांवर आले. आमच्याकडे पूर्वी लग्न बायका लावायच्या, त्या गाण्यांची पुस्तकं नव्हती, असं सांगत होते...

टक्.

रेकॉर्डिंगमध्ये नाही. खोलीत. माझ्या कानांनी, पहिल्यांदाच. आवाज माझ्या डाव्या हाताला आला, टेबलाच्या कडेवर.

मी थांबले. एका सेकंदात मला कळलं कुठे चुकले, रोज जो एक राहत होता तोच. वाक्य मागे घेतलं, बरोबर म्हटलं आणि पुढे गेले. शेवटपर्यंत.

चष्म्याच्या बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आणि त्या तरुण बाई खाली वाकून टेबलाखाली बघायला लागल्या. सरळ झाल्या, चष्म्याच्या बाईंना मराठीतच हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुमचं पेन पडलं का?’’

पेन त्यांच्या हातातच होतं.

मी पास झाले. मार्क सांगत नाही, पण मुग्धा मॅडमनी पेढे मागितले एवढे होते.

त्यानंतर त्याच पाटावर कितीतरी रेकॉर्डिंग्ज केली. मॅडम सात-सात, आठ-आठ चुका काढतात. आवाज मात्र एकदाही आलेला नाही.

निलेश म्हणतो, तुझंच मन, आई, तुझ्या आत तुला माहीत होतं कुठे चुकतेस. असेल. मग फोनच्या माइकला माझं मन कसं ऐकू आलं? आणि मॅडमच्याही नजरेतून सुटलेल्या चुका? आणि त्या तरुण बाई टेबलाखाली काय शोधत होत्या? मी बी.ए. झालेली बाई आहे, खूप विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, मी वाद घालीन पण ऐकून घेईन.

एवढंच मला राहून राहून वाटतं की मी सुपारी ठेवली होती ती धवल्यांची. जर्मन सासूबाईंनी वरून शिकवलं. माझं शिकणं बाकीच आहे.

म्हणून आता दर गुरुवारी पाट पिशवीत घालून करंजाड्याला जाते. बेबीवन्संना आईचे निम्मे-अर्धे धवले आठवतात. पहिल्या दिवशी मी पाटावर सुपारी ठेवली. वन्सं उठल्या, शोकेसमधून तो आखडलेला अडकित्ता घेऊन आल्या आणि समोर बसल्या. मी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली.

टक्.

‘‘कुठे चुकले, वन्सं?’’

‘‘सोद,’’ त्या म्हणाल्या.