वाळल्या पानांवरची पावलं

कॉलेजात तिला सगळे गोदाम म्हणायचे. तिच्या दप्तरात रुमालात गुंडाळलेली काळी हार्ड डिस्क असे आणि तिच्यात नऊशेच्या वर चित्रपट ठासून भरलेले. शुक्रवारी चित्रपट लागला की रविवारपर्यंत गोदामात माल हजर! कॅन्टीनमध्ये पेनड्राइव्हवाल्यांचा घोळका तिच्याभोवती जमायचा. ती कुणाकडून छदामही घेत नसे, त्यामुळे आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. "आपण चौघांनी फुकट पाहिला तर कुणाच्या ताटातलं कमी होतंय?" ती म्हणायची, आणि सगळ्यांना ते पटायचं.

तिचा मामा चित्रपटांना आवाज पुरवायचा. संवाद नव्हेत, पावलं, दारांच्या कड्या, कपड्यांची सळसळ. पडद्यावर नायिका जिना उतरायची तेव्हा तिच्या पायांचा आवाज म्हणजे बंद खोलीत बायकांच्या चपला घालून फळीवर चाललेला हा मिशाळ गडी.

एका रविवारी तो जेवायला आला. त्याचं काम असलेला चित्रपट नुकताच लागला होता. भाचीने हौसेने लॅपटॉप पुढे सरकवला. "मामा, तुझा पिक्चर! कालच मिळवला."

मामा चष्मा लावून सरसावला. थिएटरात चोरून टिपलेलं चित्र तिरकं होतं. मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं गेलं. आणि नायिका वाळल्या पानांवरून चालत निघाली, नेमकी तेव्हाच कुणी वेफर्सची पिशवी फोडली, वर दणकून खोकलाही.

आता मामा चिडणार, असं भाचीला वाटलं. पण तो पोट धरून हसत सुटला. "अगं, या पानांसाठी तीन दिवस घातले मी! खरी पानं धड वाजेनात, शेवटी कॅसेटची जुनी फीत चुरगाळून तिच्यावर नाचलो. आणि ऐकू काय येतंय, तर वेफर्स!"

तीही हसली, पण घास तोंडातच घोळत राहिला. नऊशे चित्रपट, आणि एकाही चित्रपटातली पावलं तिने कान देऊन ऐकली नव्हती.

"उद्या ये स्टुडिओत माझ्याकडे," मामा म्हणाला.

ती गेली. मामाचा गुडघा धरला होता आणि पडद्यावर एक मुलगी नोकरीच्या पहिल्याच दिवशी उशीर झाल्याने घाईघाईने जिना चढत होती. "तूच चाल," त्याने फर्मावलं.

तेरा वेळा चुकलं. "अगं, ती घाबरलीये! तू भाजी आणायला निघाल्यासारखी चालतेस." चौदाव्यांदा मामाने हेडफोन भिरकावला. "जमलं!"

काही महिन्यांनी तो चित्रपट लागला. कॅन्टीनमध्ये विचारणा झालीच. "गोदाम, आला का?"

"आलाय. थिएटरात."

"तू? आणि तिकीट काढून?"

"मुकाट्याने चला. त्यात माझे पाय आहेत!"

आठजण गेले. अंधारात जिना वाजू लागला तशी तिने शेजारच्या मैत्रिणीला चिमटा काढला, "ही मी!" अख्खी रांग टाळ्या पिटू लागली. पुढचे आजोबा "शू!" करत वळले, आणि कारण कळताच स्वतःच टाळ्या वाजवू लागले.

कुठेच न मिळणारे जुने चित्रपट अजून तिच्या डिस्कवर आहेत, हे ती हसत कबूल करते. नवा माल मात्र बंद. हल्ली शनिवारी ती मामाकडे असते. सध्या करवंट्यांवर घोड्याची चाल शिकतेय. घरीही सराव चालतो. आई कानात बोळे घालून बसते, आणि तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते, "दौडतेय बघा!"