मास्टरबाईंचा राहून गेलेला दिवस

संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मास्टरबाई अजून कापत होत्या. चोवीस फुटी टेबलावर शर्टाच्या कापडाचे साठ थर एकावर एक पसरलेले. सगळ्यात वर कागद, त्यावर पाठ, बाह्या, कॉलर आखलेल्या. उजव्या हाताने विजेचं उभं पातं पुढे सरकत होतं. पोलादी जाळीचा हातमोजा घातलेला डावा हात कापड दाबून धरत होता.

या कारखान्यात दीडशे माणसं काम करतात. मास्टरबाई इथे काजं-बटणं करायला लागल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या कटिंग मास्टरांनी गमतीत त्यांच्या हातात कात्री दिली. ती त्यांनी परत केली नाही. आज नवा माणूस दारातून "मास्टर कुठे आहेत?" म्हणून विचारतो, तेव्हा बोट त्यांच्याकडे दाखवलं जातं.

"उद्या मी नाही," त्या पातं थांबवून म्हणाल्या.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या हाताखालची कटर उभी होती. ही बाईही अकरा वर्षांपासून इथेच आहे.

"रजा? तुम्ही? सूर्य पश्चिमेला उगवला की काय आज?"

"कुठेही उगवू दे. मला तो मावळायच्या आत घरी पोचायचंय."

सूर्यास्त सहा चौतीसला होता.

रमजानचे शेवटचे दहा दिवस मास्टरबाई दर वर्षी एतेकाफला बसतात. एतेकाफ म्हणजे घरची, बाहेरची सगळी कामं बाजूला ठेवून फक्त इबादतीसाठी एका जागी राहणं. पुरुष मशिदीत बसतात. मास्टरबाईंच्या घरी बायका घरातच, नमाजसाठी ठरवलेल्या जागेत बसतात. जागा एकदा ठरली की शौच आणि वजू, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं, एवढं सोडून तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर एतेकाफ मोडतो.

गेल्या वर्षी तो आठव्या दिवशी मोडला. सकाळी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आतून कडी लावलेली. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर ड्यूटीला होता, मुलगी कॉलेजात. मास्टरबाईंनी जागा सोडली, खांद्याने धडक देऊन कडी उचकटली आणि सासूबाईंना बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं.

नवऱ्याने मशिदीत इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, गुन्हा काहीच नाही, उठायलाच हवं होतं. पण एतेकाफ मोडला तो मोडला. आता एक दिवस रोजा ठेवून, सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत बसायचं आणि तो भरून काढायचा.

हा एक दिवस दहा महिने राहून गेला. आधी ऑपरेशन, मग तीन महिने अंथरूण, मग वॉकर, मग काठी. मधे कारखान्यात कामाची गर्दी. आता नवा रमजान तीन आठवड्यांवर आला, तशी सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

"माझ्या पायानं मोडलाय तो. पुरा झालेला मला बघायचाय. पुढच्या वर्षी बघू म्हणायला माझ्याकडे पुढची वर्षं काय गोण्या भरून आहेत?"

सहा वाजून पाच मिनिटांनी मास्टरबाई घरी पोचल्या. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं. मागच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये सहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद जागा आहे. त्यांनी टेपने मापलं आणि कापडावर चालवायच्या निळ्या खडूने जमिनीवर रेषा मारली. रेषेवर पडदा टांगला. तोही कारखान्यातल्या उरलेल्या कापडाचा.

"अम्मी, शिलाईसाठी माया सोडलीस का?" मुलीने विचारलं. ती एकोणीस वर्षांची आहे.

"सोडलीय. आतल्या बाजूला."

सहा वीसला वजू करून त्या रेषेच्या आत गेल्या.

सकाळी नवरा पहिल्या पाळीला गेला. मुलगी कॉलेज बुडवून घरी राहिली. साडेसातला सासूबाईंनी खुर्ची मागितली, ती दोन खोल्यांच्या मधल्या दारात ठेवायला लावली आणि काठी मांडीवर आडवी घेऊन बसल्या.

"आजी, पलंगावर पड ना जरा."

"पड म्हणू नकोस. आज मी पडणार नाही."

आंघोळही त्यांनी रद्द केली. पण न्हाणीघरात जाणं काही रद्द होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे उठायच्या आधी त्या पडद्याकडे तोंड करून मोठ्याने सांगायच्या, "चाललेय. नातीचा हात धरलाय. दार उघडं आहे." परत आल्यावर, "आले. बसले." दिवसात चार वेळा हे झालं. शेजारीण विचारायला आली की आजी कुणाशी बोलताहेत.

अकरा वीसला बेल वाजली. दारात कारखान्यातला सुपरवायझर, हातात कापडाचा तुकडा.

"मास्टरबाई आहेत?"

सासूबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, "घरात आहे, पण नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एतेकाफला बसलीय. सूर्य मावळला की या."

"आजी, दहा मिनिटांचं काम आहे. खाली गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. गाडीचे काही पाय दुखत नाहीत."

सुपरवायझरने चपला काढल्या आणि दारातूनच अडचण सांगितली. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, अठ्ठावन्न इंच हवा होता. नवे तागे उघडले तर छप्पन्न निघाला. जुनी आखणी त्यावर बसेना. दुसऱ्या कटरने सगळे भाग हलवून नवा कागद आखला, तो बसला. ऐंशी थर पसरून तयार आहेत. पण मास्टरबाईंनी बघितल्याशिवाय पातं लावायची कुणाची हिंमत होत नाही. चुकलं तर ऐंशीच्या ऐंशी थर वाया.

"येता येत नसेल तर आतून फक्त हो म्हणा, मास्टरबाई," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

पडद्याआड कुराण वाचनाचा आवाज थांबला. एतेकाफमध्ये बोलायला बंदी नसते. मास्टरबाईंना हे ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं. नंतर, एतेकाफ संपल्यावर, त्या म्हणाल्या, "हो म्हटलं असतं, तर पुढे विचारलं असतं की बाही उभ्या धाग्यात ठेवलीय ना. मग म्हटलं असतं, कागद आणा इकडे. मग मी बसले कशासाठी?" त्या वेळी मात्र त्या बोलल्या नाहीत.

सासूबाई बोलल्या.

"कागद कुणी आखला?"

"दुसऱ्या कटरबाईंनी."

"तिला शिकवलं कुणी?"

"मास्टरबाईंनी."

"किती वर्षं?"

"अकरा."

"मग अकरा वर्षं दोघी काय शेंगा सोलत होत्या? काप म्हणावं तिला."

"आणि चुकलं तर?"

"माझं नाव सांगा. माझं हाड एकदा मोडून झालंय, आणखी काय मोडणार मालक?"

सुपरवायझर हसत हसत जिना उतरला. सासूबाईंनी पडद्याकडे मान वळवली. "तुझ्या कामातलं मी काही बोलले नाही हं, सूनबाई." आत वाचन पुन्हा सुरू झालं.

दुपारी चार वाजता मुलगी स्वयंपाकघरात होती. नवरा कामावरून येऊन, जेवून पुढच्या खोलीत आडवा झाला होता. घर शांत होतं. आणि मधल्या दारात धाडकन आवाज झाला.

पडदा एकदम हलला. मास्टरबाईंचा हात कापड बाजूला सारत होता, उजवं पाऊल निळ्या रेषेच्या वर उचललेलं होतं.

"काठी!" सासूबाई ओरडल्या. "काठी पडली! मी नाही! मी खुर्चीत आहे!"

खुर्चीत डुलकी लागून त्यांची पकड सुटली होती. नवरा धावत आला, मुलगी ओल्या हातांनी आली. फटीतून मास्टरबाईंना खुर्ची दिसली आणि खुर्चीत सासूबाई दिसल्या, दोन्ही हात वर केलेल्या. त्यांनी पाऊल आत घेतलं आणि टेकवलं. पडदा पडला.

"आलीस का बाहेर?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"बोट तरी?"

"बोट पण नाही."

यानंतर सासूबाईंनी काठी नातीकडे दिली आणि डुलकी घेतली नाही.

सूर्यास्त सहा चौतीसला झाला. मास्टरबाईंनी आतच एका खजुराने आणि पाण्याने रोजा सोडला, नमाज पढली, मग पडदा सरकवून रेषा ओलांडली.

"झाला?" सासूबाईंनी विचारलं.

"झाला."

"पुरा?"

"पुरा, अम्मा."

"मग मला उठव आता. पाय लाकूड झालेत माझे."

सूनबाईंनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. गेल्या वर्षीही असंच उचललं होतं. या वेळी सासूबाई विव्हळल्या नाहीत. ताठ उभ्या राहिल्या आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "बघ, बसवला की नाही मी तिचा एतेकाफ?"

मुलीच्या फोनवर कारखान्यातून फोटो आला होता. कापलेल्या भागांचे गठ्ठे, नंबर घालून बांधलेले. खाली लिहिलं होतं, ऐंशी थर झाले, आजींना सांगा. मास्टरबाईंनी फोटो मोठा करून कॉलरच्या कडा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. "तिचा काप माझ्यापेक्षा सरळ आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून कुणाच्या कापण्याविषयी इतकं चांगलं घरच्यांनी आधी ऐकलं नव्हतं.

मुलगी ओलं फडकं घेऊन रेषा पुसायला निघाली. आजीने काठी परत घेतली आणि आडवी घातली. तीन आठवड्यांनी तीच रेषा लागणार होती.

उद्या सकाळी सव्वासातला सासूबाईंची आंघोळ आहे. न्हाणीघराच्या दाराला गेल्या वर्षीपासून कडी नाही, स्क्रूची चार भोकं तेवढी उरली आहेत. साडेआठला मास्टरबाई टेबलापाशी असतील आणि प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि तळचा तुकडा एकावर एक ठेवून माप जुळतं का ते बघतील.