काळ्या हातांचा नवरदेव

समस्त अमरावतीकरांनी गांभीर्याने नोंद घ्यावी: आमची गाडी आता पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिऊ लागली आहे. मिस्तरी म्हणाला, "भाऊ, इंजिनाच्या रिंगा गेल्या. इकून टाका."

"रिंगा बदल. गाडी इकत नाही," मी ठणकावलं. कारण सायलेन्सरमधल्या निळ्या धुराचा तो कडवट वास नाकात शिरला होता आणि मी थेट माझ्या लग्नाच्या दिवसात पोचलो होतो.

लग्न अकोल्याला, मुहूर्त साडेअकराचा. बाबांची जुनी गाडीही अशीच ऑइल पीत होती. काकांनी दुसरी गाडी दारात आणली, पण बाबा अडून बसले. "माह्या पोराची वरात याच गाडीत जाईन!" मीही हट्टाने त्यांच्याच शेजारी बसलो.

मूर्तिजापूरला थांबलो, बोरगावला पुन्हा थांबलो. तापलेल्या इंजिनाच्या वासात माझ्या हारातल्या शेवंतीचा वास मिसळला. बाबांना इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीवरची खूण दिसेना, म्हणून बाशिंग सावरत मीच पट्टी ओढायचो आणि डब्यातून ऑइल ओतायचो. फडकं घरीच राहिलं होतं, त्यामुळे पट्टी बोटांनीच पुसत होतो.

मुहूर्ताला पाच मिनिटं असताना मांडवात पोचलो. हात धुवायला कुणी सोडलंच नाही. तेव्हा त्या हातांची लाज वाटली होती, आज ते फार देखणे वाटतात.

अंतरपाट बाजूला झाला. मी हार घालायला हात पुढे केले, आणि भटजींच्या माइकवरून नवरीचा आवाज अख्ख्या मांडवाने ऐकला:

"अवो माय! हा नवरदेव हाय का मिस्तरी?"