सासूबाईंचा कोको

आमच्या सासूबाई स्वयंपाक करताना काही म्हणजे काही चाखायच्या नाहीत. आमटीत मीठ पडलंय की नाही हे त्या उकळीच्या वासावरून सांगायच्या. शिरा गोड झालाय का, हे झारा फिरवताना हाताला कळतं म्हणायच्या. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ जिभेला लावला की तो उष्टा झाला, असा त्यांचा नेम. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले त्या पहिल्याच आठवड्यात रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन चाटला. त्या मागेच उभ्या होत्या. "अगो, देव तुझं उष्टं जेवणार का?" म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी तिथल्या तिथे हात धुतला.

मूळच्या त्या रत्नागिरीकडच्या. सासरे लवकर गेले. एकुलत्या एका मुलाला शिकवून, त्याला मुंबईत नोकरी लागल्यावर त्या त्याच्यासोबत डोंबिवलीला आल्या. दोन खोल्या, मागे विहीर, विहिरीपलीकडे भातखाचरं. त्यांना हे गाव आवडायचं, कारण दार उघडलं की हिरवं दिसायचं. "मुंबईत माणसं एकमेकांच्या अंगावर राहतात. इथं आपली सावली तरी आपल्याच अंगणात पडते," असं त्यांचं डोंबिवलीबद्दलचं मत होतं. बाकी जगाबद्दलही त्यांची मतं तयार असायची आणि मागितली नाहीत तरी मिळायची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात मूल गेलं. शेजारच्या बायका यायच्या, चुकचुकायच्या, कुणाची नजर लागली याची चर्चा करायच्या. सासूबाईंनी एकीला तोंडावर सांगितलं, "नजर लागायला तिच्याकडे पाहिलंन कोणी? मला सोडून कोणी विचारायलासुद्धा फिरकलं नव्हतं." त्यानंतर चुकचुकणं बंद झालं. मला मात्र आतून भीती बसली होती. पुढच्या खेपेला पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंद होण्याआधी मी सहावा महिना कधी येतो ते मोजायला लागले.

आणि या खेपेला ओकाऱ्या अशा सुरू झाल्या की पाण्याचा घोटही टिकेना. फोडणीचा वास आला की ओकारी, ऊन दुधाचा वास आला की ओकारी. आषाढ सरला, श्रावण लागला. घरात सणांचे पदार्थ होत होते आणि मी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. बाजारातले डॉक्टर येऊन गेले. दारातच ते यांना हळू आवाजात म्हणाले, "पोटात काहीतरी टिकलं पाहिजे. नाहीतर मूल राहायचं नाही, आणि बाईंचंही मी सांगू शकत नाही." हळू बोलले खरे, पण आमची खोली केवढी! मीही ऐकलं आणि सासूबाईंनीही.

डॉक्टर गेल्यावर त्या माझ्या उशाशी येऊन बसल्या.

"काय खावंसं वाटतंय? खरं सांग."

"काही नाही."

"लाजू नको. डोहाळा तुझा नव्हे, आत आलाय त्याचा. पाहुण्याला काय हवं ते यजमानानं ठरवायचं नसतं."

मी डोळे मिटून म्हटलं, "कोको."

"काय?"

"कोको. केळं घातलेला. गार."

ठाण्याला शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी मी तो प्यायले होते. तिचे वडील रेल्वेत होते आणि त्यांच्याकडे कोकोचा डबा असायचा. तिच्या आईने गार कोकोत केळं कुस्करून आम्हा मुलींना एकेक पेला दिला होता. आयुष्यात एकदाच. तो या वेळी कुठून आठवला देव जाणे, पण आठवला तो जिभेवरून हलेना.

सासूबाईंनी विचार केला. "खायचं असतं की प्यायचं?"

"दोन्हींच्या मधलं."

"बरं," त्या म्हणाल्या, जणू मी पिठलं मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी फोर्टातून डबा आणला. डब्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं तर सासूबाईंनी हाताने थांबवलं. "ते साहेबाच्या पोटासाठी लिहिलंय. हिच्या पोटाचं मी बघते." मग भुकटी हुंगली. "तपकीर आहे ही!" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. सकाळी तापवलेलं दूध गार करून घेतलं, वेलची केळी कुस्करून फडक्यातून गाळली, वर भुकटी टाकून रवीने घुसळलं. भुकटी दुधावर तरंगत राहिली. केळं गोड असतंच म्हणून साखर घातली नव्हती. पहिला घोट घेतला आणि मी मोरीकडे धावले. दुसऱ्या दिवशी साखर आली, जायफळही आलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी साय घोटून घातली, दिसायला सुंदर दाट झालं, आणि तरीही घशाखाली उतरेना.

"काय चुकतंय गो?"

"कळत नाही. काहीतरी लागतंय जिभेला."

मग यांना चाखायला दिलं. हे म्हणाले, "छान झालंय." सासूबाईंनी पेला काढून घेतला. "याला भिंतीचा चुना दिला तरी छान म्हणेल. बायकोचं काही बिघडलंय म्हणून घाबरलाय, त्याची जीभ काय उपयोगाची?"

आता त्यांच्यापुढे पेच होता. हा पदार्थ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वासाने, रंगाने, हाताने ओळखावा तर त्यांच्या ओळखीचं त्यात काहीच नव्हतं. चाखणं हा एकच मार्ग. नैवेद्याची अडचण तशी सुटण्यासारखी होती. केळ्याची नव्हती. सासरे गेल्यावर त्या काशीला जाऊन आल्या होत्या. काशीला गेलं की आवडतं फळ तिथे सोडून यायचं, मग जन्मात ते तोंडात घालायचं नाही. त्यांनी केळं सोडलं होतं. शिकरणपोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, असं हे सांगायचे. सणावाराला घरात शिकरण व्हायचं, त्या सगळ्यांना आग्रहाने वाढायच्या आणि स्वतः दूधपोळी खायच्या.

त्या रविवारी दुपारी मी पडल्या पडल्या स्वयंपाकघरात पाहत होते. सासूबाईंनी नवा पेला तयार केला, वाटीत थोडं ओतलं आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णापुढे ठेवलं. पाणी फिरवलं. हात जोडून म्हणाल्या, "हे काय आहे ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. आधी तू घे, मग मी घेते." डोळे मिटले आणि वाटी तोंडाला लावली.

हे दारात उभे होते. "आई! काशीला सोडलेलं!"

त्या वळल्यासुद्धा नाहीत. "काशीला मी केळं सोडून आले होते. सून सोडून आले नव्हते."

मी भिंतीकडे तोंड वळवलं. रडू आवरेना. माझ्या आईनेही माझ्यासाठी एवढं केलं असतं की नाही, मला माहीत नाही.

सासूबाईंना मात्र रडायला वेळ नव्हता. त्या जीभ टाळ्याला लावून विचार करत होत्या. "अगो, हा कच्चा आहे! पीठ न शिजवता पिठलं वाढावं तसं झालंय. बिचारीनं इतके दिवस सांगितलं कसं नाही?" लगेच त्यांनी शेगडीवर पाण्यात कोको नि साखर शिजवायला ठेवली, भुकटीचा कच्चा वास जाऊन त्यावर तकाकी येईपर्यंत ढवळली. ती गार झाल्यावर त्यात गाळलेलं केळं, गार दूध आणि साय घातली. सहाणेवर दोन बदाम उगाळून घातले. मग रवीने इतकं घुसळलं की वर फेसाचा थर आला. पितळी गडू ओल्या फडक्यात गुंडाळून परातीतल्या पाण्यात ठेवला. गार झाल्यावर पुन्हा एक चमचा चाखला, स्वतःशीच मान हलवली आणि पेला माझ्यापुढे धरला.

मी प्यायले. मऊ, दाट, गार. थांबले, ओकारीची वाट पाहिली. आली नाही. त्या माझ्या घशाकडे पाहत होत्या. "उतरलं का गो?" मी पेला पुढे केला आणि आणखी मागितलं. हे उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ विहिरीपाशीच राहिले.

तिथून मी सावरले. आधी दिवसभर तेवढंच, मग त्याच्या जोडीला मऊ भात, मग सगळं. रोज गडू भरायच्या आधी त्या एक चमचा चाखायच्या. केळी रोज वेगळी असतात, म्हणायच्या. फाल्गुनात मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. डॉक्टरांनी तिला उचलून सासूबाईंना विचारलं, "काय दिलंत हो सुनेला?" त्या म्हणाल्या, "तपकीर."

वैशाखात गावाहून आंब्यांची करंडी आली. सासूबाईंनी एकेक आंबा हुंगून निवडला, फोडी केल्या, मला आणि यांना ताटलीत दिल्या. स्वतः सुरी धुऊन ठेवली.

"तुम्ही घ्या ना," मी म्हटलं.

"मी नाही खात आता."

"म्हणजे? कधीपासून?"

त्या मुलीच्या पायावरचं दुपटं सारखं करत होत्या. "केळं परत मागून घेतलं ना मी. मग देवाला रिकाम्या हातानं कसं ठेवायचं? त्याच्यापुढं आंबा ठेवला." आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतेस? मी घाट्यात नाही हो."

कोकणातली बाई, हापूसच्या झाडाखाली वाढलेली. त्यानंतर त्या पुष्कळ जगल्या. दर उन्हाळ्यात स्वतः रस काढायच्या, देवाला दाखवायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि हात स्वच्छ धुऊन पंक्तीत येऊन बसायच्या. मी त्यांचे आभार मानायचा प्रयत्न केला की त्या विषय बदलायच्या, म्हणून इथे लिहिते आहे.

माझ्या मुलीला आंबा अतोनात आवडतो. तिला खाताना मी कधीही पुरे म्हटलं नाही. ती आजीच्याही वाट्याचे खाते आहे.